विधुर नायकाची रोमँटिक कॉमेडी: दुःख किती आणि कुठे ठेवायचं?

दुसरा_खर्डा

मंडळी, एक प्रश्न आणि त्याला जोडून माझं मत.

जोडीदार गेल्यावर पुन्हा प्रेमात पडणाऱ्या माणसाची हलकीफुलकी गोष्ट लिहायची, तर आधीच्या दुःखाला पटकथेत किती जागा द्यावी? वाचायला मिळणाऱ्या खर्ड्यांत तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. एक, गेलेली बायको म्हणजे सद्गुणांची पुतळी. दोन, पहिल्या दहा पानांनंतर तिचं नावही निघत नाही आणि शेवटाकडे अचानक हार घातलेल्या फोटोसमोर रडारड. तीन, विनोद हवा म्हणून थेट दुःखावरच विनोद.

माझ्यासमोर नमुना आहे नोरा एफ्रन यांचा 'स्लीपलेस इन सिअ‍ॅटल' (१९९३). टॉम हँक्सचा सॅम हा शिकागोतला वास्तुविशारद. बायको मॅगी आजारपणात जाते, तो मुलगा जोनाला घेऊन सिअ‍ॅटलला जातो. दीड वर्षानं नाताळच्या आदल्या रात्री मुलगा रेडिओवरच्या सल्ला देणाऱ्या बाईंना फोन लावतो आणि वडिलांसाठी नवी बायको मागतो. देशाच्या दुसऱ्या टोकाला, बाल्टिमोरची पत्रकार ॲनी (मेग रायन) गाडीत ते ऐकते. चित्रपट आहे १०५ मिनिटांचा आणि सुरुवात होते थेट दफनभूमीत.

माझं मत असं, की दुःख अगदी आरंभी, हात आखडता न घेता दाखवावं आणि मग विनोदाला मोकळी वाट द्यावी. तुम्हाला काय वाटतं?

कात्रीवाली

आरंभाबद्दल सहमत, 'किती' हा प्रश्न मात्र चुकीच्या बाजूनं विचारलाय. मोजायचं ते हसू कोणाच्या वाट्याला दिलंय ते.

श्रेयनामावलीच्या आधीचा तुकडा बघा. दफनभूमी. मग घरी आलेली माणसं सॅमला फ्रीझरमध्ये रचलेलं जेवण कसं गरम करायचं ते समजावतात. मग ऑफिसात सहकारी मानसोपचारतज्ज्ञाचं कार्ड पुढे करतो. सॅम चिडून खिशातून अशी कार्डं एकामागून एक काढून टाकतो, कारण प्रत्येकानं एकेक दिलेलं असतं. मग विमानतळावर 'पुन्हा कोणी भेटेल' म्हणणाऱ्याला तो सांगतो, की असं दोनदा घडत नसतं. त्यानंतर नावं.

हसू येतं ते मदत करणाऱ्यांच्या धांदलीचं. सॅमच्या दुःखाला कोणी बोट लावत नाही, तो फक्त वैतागलेला आहे. आपल्याकडेही दहाव्या-बाराव्याला घरात जमलेली माणसं असेच सल्ले देतात, 'आता स्वतःला कामात गुंतवून घे' वगैरे. प्रेक्षक त्यांना हसतो, तेव्हाच त्याला कळतं की या गोष्टीत हसलेलं चालतं. ही परवानगी नावं पडायच्या आत मिळायला हवी. उशिरा मिळाली तर पुढचा पहिला विनोद खोलीत गारठून पडतो.

मध्यंतर

+१. आणि शेवटचं 'असं दोनदा घडत नसतं' हे वाक्य म्हणजे सगळ्या चित्रपटाचा खुंटा आहे. नायकानं पैज लावली, आता चित्रपटानं त्याला हरवायचं. तुमच्या खर्ड्यात नायकाचं असं एक खोडून काढता येणारं वाक्य आहे का, ते आधी तपासा.

फोनचा प्रसंग पटकथा लिहिणाऱ्यानं कागद-पेन घेऊन बघावा असा आहे. त्यात तीन थर आहेत: बोलणारा सॅम, ऐकणारी ॲनी आणि त्याच कार्यक्रमाशी जोडलेल्या अनोळखी बायका. सॅमला विचारलं जातं, आता पुढे काय करणार? तो सांगतो की रोज सकाळी उठेन, दिवसभर श्वास घेईन आणि सोडेन. काही काळानं उठायची, श्वास घ्यायची आठवण स्वतःला करून द्यावी लागणार नाही. बायकोत विशेष काय होतं, याचं उत्तरही गुणांच्या यादीनं येत नाही. बारीकसारीक गोष्टींची बेरीज होती म्हणतो, आणि गाडीतून उतरवताना धरलेल्या हाताची आठवण सांगतो.

तुमची चूक क्रमांक एक इथं सुटते. 'ती फार प्रेमळ होती' हे वाक्य कोणाच्याही बायकोला लागू पडतं.

सोनचाफा

हात राहू द्या, सफरचंद बघा!

जोना रात्री दचकून उठतो, आई विसरायला लागलो म्हणतो. तेव्हा सॅम त्याला सांगतो, की तुझी आई अख्खं सफरचंद एकाच लांबलचक सालीत सोलायची. बस, एवढंच. आणि चित्रपटात दुसरीकडे ॲनीच्या हातूनही सफरचंदाची साल तशीच एकसलग निघते. त्यावर कोणी बोलत नाही, कोणी दचकत नाही, संगीत मोठं होत नाही. सॅमला तर हे कधी कळतही नाही. माहीत असतं फक्त प्रेक्षकाला.

यातलं प्रमाण लक्षात घ्या. वस्तू एक, वेळा दोन, हात वेगवेगळे. तिसऱ्यांदा आली असती तर चमत्कार झाला असता आणि प्रेक्षकानं दिग्दर्शकाचा हात पकडला असता. एकदा ती संवादात येते, एकदा दृश्यात. दोन्हीकडे दृश्यच असतं तर 'बघा बघा, जुळलं' असं झालं असतं.

फ्रेमबाहेर

मी थोडा विरोधी सूर लावतो. चित्रपट आवडतो, पण ॲनीचं वागणं जड जातं. साखरपुडा झालेली बाई ऑफिसातल्या संगणकावर एका अनोळखी माणसाची माहिती काढते, मागावर गुप्तहेर लावते, विमानानं सिअ‍ॅटलला जाते, रस्त्याच्या पलीकडून बाप-लेकाला बघत उभी राहते. हेच पुरुषानं केलं असतं तर त्याला रोमँटिक कॉमेडी म्हटलं असतं का? ठरलेला नवरा वॉल्टर याचा दोष काय, तर ॲलर्जी आहे आणि शिंका येतात.

कात्रीवाली

@फ्रेमबाहेर, आक्षेप रास्त आहे आणि लिहिणारे त्याला तीन ठिकाणी सामोरे गेलेत. मैत्रीण बेकी तिला तोंडावर सांगते, की तुला प्रेमात पडायचं नाहीये, सिनेमातल्यासारखं प्रेमात पडायचंय. म्हणजे प्रेक्षकाच्या मनातला आक्षेप पात्राच्याच तोंडी आला. रस्त्याच्या पलीकडच्या प्रसंगात ॲनी ट्रकखाली येता येता वाचते, दोघं 'हॅलो' एवढंच म्हणतात आणि ती लाजून परत फिरते. तिथं तिनं ओळख दिली असती तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. आणि वॉल्टरला ती शेवटी सगळं खरं सांगते, तोही अब्रूनं बाजूला होतो. त्याला खलनायक केला असता तर ॲनी आपोआप सुटली असती. ती पळवाट घेतली नाही, हे या पटकथेचं बळ आहे.

सॅमच्या बाजूलाही तसंच. तो ज्या व्हिक्टोरियाला भेटायला लागतो, तिचं फक्त हसणं विचित्र आहे आणि तेही जोनाच्या कानांना. बाई वाईट नाही.

रविवारची_मिसळ

सॅमच्या घरी सुझी एका जुन्या प्रेमपटाची गोष्ट सांगता सांगता हुंदके देऊ लागते आणि सॅम आणि सुझीचा नवरा 'द डर्टी डझन' हा युद्धपट आठवून खोटं खोटं रडतात, तो प्रसंग कितीही वेळा बघितला तरी हसू येतं! सुझी झालेली रिटा विल्सन म्हणजे टॉम हँक्सची खऱ्या आयुष्यातली पत्नी.

अवांतर: सुझी सांगते तो 'ॲन अफेअर टू रिमेंबर' (१९५७) म्हणजे लिओ मॅकेरी यांनी स्वतःच्याच १९३९च्या चित्रपटाची केलेली नवी आवृत्ती. आपल्याकडे त्याच गोष्टीवरून 'भीगी रात' (१९६५) आणि 'मन' (१९९९) आले. एम्पायर स्टेट बिल्डिंगवर भेटायचं ठरवणं, हे ॲनी तिथूनच उचलते.

मध्यंतर

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. दोन माणसं जवळजवळ सगळा चित्रपट भेटत नाहीत. विमानतळावर तो तिला बघतो, रस्त्यावर 'हॅलो' होतं आणि मग एकदम शेवट. मग त्यांना बांधून काय ठेवतं? ॲनी जो चित्रपट बघून रडते, तोच सुझी सॅमला सांगते. नकाशावरून सरकणारी विमानाची रेघ आहे. दोघांच्या दृश्यांवरून वाहणारी तीच गाणी आहेत. नायक-नायिकेला समोरासमोर आणणार नसाल तर असे दोन-तीन पूल बांधावे लागतात, आणि ते पहिल्या तीस पानांत उभे राहिले पाहिजेत. पुढे नवीन पूल बांधायला घेतला की तो योगायोग वाटतो.

ध्वनिमुद्रा

गाण्यांवरून थोडं. जिमी ड्युरांटी, नॅट किंग कोल, लुई आर्मस्ट्राँग, हे सगळे चित्रपटाच्या कितीतरी आधीचे आवाज. जुनं ध्वनिमुद्रण वाजलं की आपल्याआधीही माणसं प्रेमात पडली, काही गेली, गाणी राहिली, हे न सांगता पोचतं. दुःखाच्या गोष्टीत नवं करुण गाणं रचण्यापेक्षा हे हलक्या हातानं होतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी सूचना: जुनं भावगीत प्रसंगात घालताना हक्क दोन असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, आणि शब्द-चालीचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे १९५५ची तबकडी मोकळी झाली तरी गाण्याचे शब्द मोकळे असतीलच असं नाही. पटकथेत गाण्याचं नाव लिहून त्याच्या ओळींवर संवाद बेतू नका. परवानगी मिळाली नाही तर अख्खा प्रसंग कोसळतो. 'रेडिओवर जुनं भावगीत, बाईचा आवाज, अंतरा सुरू' एवढं लिहावं.

नांदी

सगळी चर्चा अमेरिकेत चाललीय, म्हणून आपल्या बाजूची एक अडचण मांडते. मराठी विनोदाच्या परंपरेत विधुर नवरा हा नायक नव्हताच. आपल्याकडे त्याला शब्दच 'बिजवर'. देवलांच्या 'संगीत शारदा'तला (१८९९) भुजंगनाथ म्हणजे कोवळ्या मुलीशी लग्न करू बघणारा म्हातारा, आणि त्याला हसणं हेच तेव्हाचं पुण्यकर्म होतं. पुरुषाला दुसरेपण सहज मिळत होतं आणि बाईला नाही, त्या अन्यायातून तो विनोद आला. म्हणून धोंडो केशव कर्व्यांनी पत्नी गेल्यावर १८९३ साली विधवेशीच लग्न केलं, त्याचं मोल. अनेक जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लावायची रीत होती, पण तिथंही लग्नापेक्षा पाटाला मान कमीच.

सांगायचा मुद्दा असा, की मराठी प्रेक्षकापुढे विधुर नायक आणलात तर त्याच्यामागून भुजंगनाथ चालत येतो. दोन गोष्टी आधी मिटवाव्या लागतील. नायिका वयानं त्याच्या आसपासची असावी. आणि 'मुलाला आई हवी, घराला बाई हवी' हे कारण नायकाच्या तोंडी चुकूनही नको. सॅमकडे बघा, घर तोच चालवतो. मुलगा फोनवर तक्रार करतो ती वडील दुःखी आहेत म्हणून, जेवण मिळत नाही म्हणून नव्हे.

चाळकरी

@नांदी, हे फार नेमकं सांगितलंत. त्याच अंगानं बासू चटर्जींचा 'खट्टा मीठा' (१९७८) बघावा. मुंबईतली पारशी कुटुंबं, चार मुलगे असलेला विधुर (अशोक कुमार) आणि दोन मुलगे व एक मुलगी असलेली विधवा (पर्ल पदमसी). दोघं प्रौढ, दोघांची घरं भरलेली, आणि कारण काय तर सोबत. भुजंगनाथ आसपासही फिरकत नाही.

सोनचाफा

आणि 'द लंचबॉक्स' (२०१३)! त्याला कॉमेडी म्हणता येणार नाही, पण वस्तू कशी वापरावी ते शिकायला उत्तम. विधुर साजन फर्नांडिस बायकोनं टेपवर घेतलेले 'ये जो है जिंदगी'चे भाग बघत बसतो. ती आत बघायची, तो बाहेर सायकल दुरुस्त करायचा, आणि टीव्हीच्या काचेत तिचं हसताना पडलेलं प्रतिबिंब त्याला दिसायचं. एक विनोदी मालिका आणि त्यातच सगळं दुःख. शिवाय वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू, म्हणजे भारती आचरेकरांचा नुसता आवाज. त्यांचा नवरा बेशुद्धीत पडून पंख्याकडे बघत असतो, आणि काकू तो पंखा चालू ठेवूनच पुसतात. हसायचं की रडायचं ते बघणाऱ्यानं ठरवावं.

दुसरा_खर्डा

खूप काही मिळालं. आता मदत हवी आहे ती याची, की माझ्या खर्ड्यात भिंतीवर हार घातलेला फोटो आहे. तो काढायचा. त्याजागी काय? नायक पुण्यातल्या सोसायटीत राहणारा, चाळिशीतला, आठ वर्षांची मुलगी. बायको जाऊन दीड वर्ष.

चाळकरी

गॅसचं कनेक्शन बायकोच्या नावावर ठेवा.

सिलिंडर बुक केला की पोचवताना द्यायचा कोड नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. तो मोबाइल तिचा. म्हणजे नायकाला तिचा फोन चार्ज करून ठेवावा लागतो, दुसरं काही नाही तर सिलिंडरसाठी. दार वाजतं, गॅसवाला विचारतो, 'मॅडम आहेत का? कोड सांगा.' नायक आत जातो, स्वयंपाकघरातल्या खणातून फोन काढतो, पडद्यावर मुलीचा जुना फोटो उजळतो, तो चार आकडे वाचून दाखवतो. गॅसवाला पावती फाडून निघून जातो. संवाद तीन ओळींचे, आणि बाई घरात अजून किती आहे ते पोचलं.

कात्रीवाली

हे सफरचंदाच्या तोडीचं आहे! पण दोन तांत्रिक गोष्टी सांभाळा, नाहीतर प्रेक्षकातला कोणीतरी बोट ठेवेल.

तिचा नंबर प्रीपेड असेल तर रिचार्ज चालू असला पाहिजे. वापर नाही, शिल्लक नाही, असा नंबर ९० दिवसांनंतर कंपनी बंद करू शकते. म्हणजे नायक दीड वर्षं तिच्या नंबरवर पैसे भरतोय. हे कोणाच्या तोंडी न घालता रिचार्ज संपत आल्याच्या मेसेजवरून दाखवता येईल. दुसरं, कनेक्शन वारसाच्या नावावर करता येतं, मृत्यूचा दाखला आणि ओळखीची कागदपत्रं दिली की काम होतं. म्हणजे 'करता येत नाही' असं नाही, त्यानं केलेलं नाही. एजन्सीचा अर्ज अर्धवट भरून फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला दिसू दे. नाव लिहिलंय, 'अर्जदाराचे मृताशी नाते' ही जागा कोरी.

रविवारची_मिसळ

आणि रेडिओऐवजी मुलगी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी निरोप पाठवते. 'माझ्या बाबांना मैत्रीण पाहिजे.' दोनशे चाळीस घरं, पाण्याच्या टँकरच्या चर्चेमध्ये एकदम हे! सचिव काका 'कृपया ग्रुपचा विषय पाळावा' लिहितात आणि तरी उत्तरं येतच राहतात.

मध्यंतर

प्रसंग हसवेल, पण रेडिओचं काम करणार नाही. ॲनी आवाजाच्या प्रेमात पडते कारण चेहरा नाही, नाव नाही, पत्ता नाही. ग्रुपवर नंबर दिसतो, फोटो दिसतो, फ्लॅट क्रमांक सगळ्यांना पाठ. शिवाय सॅमला त्या क्षणी बोलावं लागतं, फोन कानाला लावला गेलाय आणि बाई हळूच प्रश्न विचारतेय. ग्रुपवर तो विचार करून चार तासांनी उत्तर देईल, आणि मन उघडं पडणार नाही. ग्रुप ठेवायचाच असेल तर गोंधळासाठी ठेवा. प्रेमासाठी असा आवाज शोधा, ज्याला चेहरा नाही आणि जो खोडून पुन्हा बोलता येत नाही.

चाळकरी

मग गॅस एजन्सीच्या तक्रार-फोनवरची बाई? कनेक्शन नावावर करून घ्यायला त्यानं फोन लावलाय. ती फॉर्मवरचे प्रश्न क्रमानं विचारते: ग्राहकाचं नाव, ग्राहक क्रमांक, कारण. 'कारण' म्हटल्यावर तो थांबतो. तिला घाई नाही. चेहरा नाही, खोडून बोलता येत नाही, आणि विनोद फॉर्मच्या भाषेतला, कोणाच्या दुःखावरचा नव्हे.

नांदी

आणि ती 'सॉरी फॉर युवर लॉस' म्हणत नाही. म्हणते, 'सावकाश सांगा, ही जागा शेवटी भरली तरी चालते.'

फ्रेमबाहेर

हे असं असेल तर माझा विरोधी सूर मागे. इथं कोणी कोणाच्या मागावर नाही. एकच अट: ती कामाच्या फोनवरून मिळालेला नंबर वापरून त्याला स्वतःहून फोन करणार नाही. दुसरा फोन त्यानंच करावा. अर्ज अपुरा आहे, त्यामुळे कारण आयतं आहे.

दुसरा_खर्डा

मान्य. म्हणजे मी सुरुवातीला विचारलेल्या 'किती'चा हिशेब माझ्यापुरता असा लागला. पहिली सहा पानं बाराव्या दिवसाचं घर, सल्ले देणारी माणसं आणि फ्रिजमधले शेजाऱ्यांचे डबे. सातव्या पानावर त्याचं 'दोनदा होत नाही'च्या जातीचं एक वाक्य, मग नावं. फोटो काढला. तिचा फोन एकदा गॅसवाल्याच्या प्रसंगात. दुसऱ्यांदा तो कुठे आणायचा ते अडलंय. सोनचाफा यांच्या हिशेबानं तेव्हा हात बदलायला हवा.

सोनचाफा

मुलीच्या हातात द्या. शेवटाकडे, कनेक्शन त्याच्या नावावर झाल्यावर सिलिंडर येतो. गॅसवाला कोड मागतो आणि मुलगी सवयीनं खणातून आईचा फोन काढते. त्यावर कोड आलेला नाही. ती दारात बाबांकडे बघते आणि बाबांच्या खिशातला फोन वाजतो.

कात्रीवाली

तिथं कापा. आकडे त्यानं वाचायच्या आत.